द्वारकेवरचे बारा प्रवासी

९ फेब्रुवारी. शहर बसच्या नकाशाचं नवं प्रूफ तपासायला घेतलंय. मी सही केली की तोच नकाशा पुन्हा छापून प्रत्येक थांब्यावर लागेल.

सात वर्षं झाली, हे मी कुणाला सांगितलेलं नाही — नवऱ्यालाही नाही. तुम्हाला सांगते.

नकाशा लोकांना कळत नव्हता, म्हणून तो सोपा करायचं काम आमच्या छोट्या ऑफिसकडे आलं. दोन नमुने झाले — एक माझा, एक माझ्या सहकाऱ्याचा, विलासचा. माझ्यात सरळ रेषा, चार रंग, गोल ठिपके. त्याच्यात प्रत्येक थांब्याशेजारी एक चित्र — शाळेचं गेट, पाण्याची टाकी, पिंपळ. त्यासाठी महिनाभर आम्ही दोघं बसने हिंडलो. तो खिडकीशी चित्रं काढायचा, मी शेजारी बसून थांबे लिहायची. ‘अहो मॅडम, नुसती नावं काय लिहिता? बाहेर बघा की!’ — त्यानंतर इतकं नाशिक मी पाहिलंच नाही.

कुठला नमुना घ्यायचा, हे ठरवायला द्वारका चौकातल्या थांब्यावर बारा प्रवाशांना दोन्ही दाखवले. विलास रजेवर होता, मी एकटी गेले. गंगापूर रोडला कसं जाल, एवढंच विचारायचं. नऊ जणांनी त्याच्या नकाशावरून पटकन सांगितलं. माझा बघून खेड्यावरची एक आजी हसली, ‘हे काय वो ताई, रांगोळीचे ठिपके हायेत का?’

आणि मीटिंगमध्ये मी काय सांगितलं? — नऊ माझे, तीन त्याचे.

कशासाठी? बढती नव्हती, बक्षीस नव्हतं. मला माझ्या रेषा आवडल्या होत्या.

विलासने एकच विचारलं, ‘वाचता न येणाऱ्यांनाही तुमचाच कळला?’

मी म्हटलं, ‘हो.’

त्याने चित्रं गुंडाळून ठेवली. वर्षभरात नोकरी सोडून पिंपळगाव बसवंतला गेला. तिथल्या एका पॅकहाउसमध्ये द्राक्षांच्या खोक्यांवरची चित्रं करतो म्हणे. बसमध्ये खिडकीची जागा रिकामी असली, तरी मी अजून तिच्या शेजारी बसते.

१० फेब्रुवारी. आज सकाळी प्रूफवर सही केली नाही. त्यावर खरे आकडे लिहिले, खाली माझं नाव, आणि साहेबांच्या टेबलावर ठेवलं. चाचणीचा मूळ कागद — तो कधी फाडवला नव्हता — पर्समध्ये घातला आणि पिंपळगावची बस धरली. पॅकहाउसला कुठे उतरायचं, कंडक्टरला विचारलं.

‘पाण्याची टाकी दिसली की उठा, ताई.’

टाकी दिसली. उठले.