पिल्लं गप्प झाली तो शुक्रवार

माझी भाची अकरा दिवसांची होती आणि दोन दिवस रडली नव्हती. घरात सगळे केवढे खूश! "गरीब गाय आहे गं पोर," आई म्हणायची. गुरुवारी तिला बघून मीही बहिणीला म्हटलं, "नशीब काढलंस. माझ्या कार्ट्याने सहा महिने डोळ्याला डोळा लागू दिला नव्हता." शनिवारी बारसं होतं.

मधल्या शुक्रवारी मी कामावर गेले. अंबरनाथच्या एमआयडीसीतल्या एका लॅबमध्ये माझी नोकरी, आणि काम काय, तर उंदराची पिल्लं रडवायची. सासरी मी 'औषधांचं काम' एवढंच सांगते. केस न फुटलेलं, डोळे मिटलेलं पिल्लू आईपासून उचलायचं, वाडग्यात एकटं ठेवायचं आणि वर माइक लावायचा. ते आईला हाका मारतं, पण इतक्या बारीक आवाजात की माणसाच्या कानाला काही म्हणजे काही पोचत नाही. खोली चिडीचूप. पिल्लाचं तोंड उघडतंय, मिटतंय, आणि कॉम्प्युटरवर एकेक हाक पांढऱ्या रेघेसारखी उमटतेय. शेजारच्या पिंजऱ्यात आई मात्र जाळीला नाक घासत सैरभैर फिरत असते. तिला ऐकू येतं. नऊ वर्षं झाली, तरी त्या खोलीत मला भीती वाटते, मी भिंतीला पाठ लावूनच बसते. हसायचं तर हसा.

त्या दिवशी नव्या औषधाची पाळी होती. जीव घाबरा होऊ नये म्हणून द्यायचं औषध. ते लागू पडलं तर पिल्लू कमी हाका मारणार. पहिल्या पिल्लाच्या रेघा विरळ झाल्या, दुसऱ्याच्या त्याहून. पाचव्याला स्क्रीन कोरी. आमच्या मॅडम खुर्चीतून उठल्याच. "बघितलंस? किती शांत!" डोळे भरून आले होते बाईंचे. वर्षानुवर्षांची मेहनत होती त्यांची.

पिल्लू परत ठेवायला उचललं, तर फ्रीजमधून काढलेल्या कणकेच्या गोळ्यासारखं गार. शुक्रवारी आमच्याकडे लाइट नसते, सगळं जनरेटरवर चालतं. एसी चालू होता, पण पिल्लाला ऊब द्यायला वाडग्याखाली ठेवलेली विजेची पाटी जनरेटरच्या लाइनवर नव्हतीच.

"शांत कसली डोंबलाची, मॅडम," मी ओरडले. "गारठलीयेत ती!"

थंडी वाजली की पिल्लू आधी जास्त ओरडतं. फारच गार पडलं की ओरडायचंही सोडतं. आम्हा दोघींना हे पाठ होतं, तरी कोरी स्क्रीन बघून आम्हीच हुरळलो होतो. मी एकाला मुठीत धरून ऊब देत बसले. बऱ्याच वेळाने बोटांत काहीतरी हललं. तोंड उघडलं. खोलीत आवाज नाही. स्क्रीनवर एक रेघ आली, मग दुसरी, मग स्क्रीन भरून गेली. आणि मला बहिणीची खोली आठवली.

बहिणीचा फ्लॅट सोनिवलीला, नव्या टॉवरमध्ये. मे महिना, बदलापूरचं ऊन म्हणजे तापलेला तवा. म्हणून तिच्या नवऱ्याने बाळाच्या खोलीत एसी अठरावर ठेवला होता, दिवसरात्र. मी फोन लावला.

"झोपलीये गं ताई," बहीण म्हणाली. "सकाळपासून."

"दूध प्यायली?"

"दोनदा उठवलं, उठतच नाही. उद्याच्या बारशाला घरभर पाहुणे, आणि ही बघ कशी शहाण्यासारखी..."

"एसी बंद कर. तिला छातीशी घे. आत्ताच्या आत्ता!"

"काहीतरीच काय ताई! घामोळं येईल तिला."

मी रिक्षा केली. वाटेत दहादा फोन लावला, कुणी उचलला नाही. पोचले तर दाराबाहेर चपलांचा ढीग, आणि आत सगळे कुजबुजत बोलत होते, का, तर बाळ उठू नये. पाळण्याला झेंडूच्या माळा लागलेल्या. आत ती, नव्या झबल्यात, पाय उघडे. मी पोटाला हात लावला. तो गारवा माझ्या बोटांना ओळखीचा होता.

"गाऊन सोड," मी बहिणीला म्हटलं. "तिचं झबलं काढ आणि अंगाला अंग लावून धर!" पाहुण्यांसमोर, हो. काकांनी माना फिरवल्या, आईने गोधडी टाकली, जावईबापूंनी गाडी काढली. काचा बंद, एसी बंद, त्या भर उन्हात आम्ही घामाने निथळत होतो आणि ती तशीच गार.

स्टेशनच्या अलीकडे तिचं तोंड उघडलं. चांगलं मोठं. आवाज नाही. मिटलं, पुन्हा उघडलं.

"जांभई देतेय," बहीण म्हणाली.

जांभई कसली! ही ओरडतेय. दोन दिवस ओरडत असेल, आणि एवढ्या भरल्या घरात ते ऐकणारा कान कुणालाच नाही. आणि मी? न ऐकू येणारं रडणं टिपायचा पगार घेते मी, आणि गुरुवारी तिच्याशेजारी बसून चहा-खारी खाऊन घरी गेले होते. मला माझी लाज वाटली, अजून वाटते.

हॉस्पिटलात तिला उबेला ठेवलं, सलाइन लावलं. आम्ही काचेबाहेर उभे राहिलो. तासाभराने नर्सने बहिणीला आत बोलावलं आणि बाळ तिच्या छातीवर दिलं, मागोमाग मीही घुसले. तोंड पुन्हा उघडलं. आम्ही दोघी त्या तोंडाकडे बघत राहिलो. आणि आवाज आला. आधी चिरका, मग असा खणखणीत की शेजारच्या खाटेवरची बाई उठून बसली.

बहीण सवयीने थोपटायला लागली. "गप गं राणी, गप."

मी तिचा हात धरला. "खबरदार तिला गप्प केलंस तर," म्हटलं, आणि मग मीच भोकाड पसरलं.