बिसाहूचा कडूभात

आमच्या खपरी गावात धान कांडायची गिरणी एकच आहे, ती मी चालवतो. आणि ज्याच्या हाताला चव आहे असा पुरुषही एकच आहे, तो माझा धाकटा भाऊ बिसाहू. शाळा मी पाचवीपर्यंतच केली, पण खाण्यातलं मला कळतं. धमतरीच्या हॉटेलात जेवलोय, रायपूरला मंत्र्याच्या लग्नात पंगतीला बसलोय. बिसाहूच्या लाखोळीच्या भाजीपुढं ते सगळं पाणी कम चाय.

आई दोन वर्षं अंथरुणाला खिळली तेव्हा हा चुलीजवळ गेला. आईला बोलता येत नव्हतं, म्हणून विचारायला हा शेजारी जायचा. कुणाच्या घरातनं फोडणीचा वास आला की सायकल भिंतीला टेकवून उंबऱ्यावर बसायचा. "काकी, आत्ता काय टाकलंत?" आठवडी बाजारात भजीवाला असो, शाळेत खिचडी शिजवणारी फिरंतीन बाई असो, कुणाला विचारायला लाजला नाही. आणि घरी येऊन चुलीमागच्या भिंतीवर कोळशानं लिहून ठेवायचा. 'चेंच भाजी, लसूण आधी. केजा काकी.' 'फरे, उकड झाकून ठेवणे. रमशीला भौजी.' दिवाळीला सगळं घर मातीनं पोतारतो आम्ही, पण त्या भिंतीला हात लावायची कुणाची टाप नाही.

एकच खोड वाईट. मी चारचौघांत म्हणावं, "वा बिसाहू, काय भाजी झालीय!" की हा मान खाली घालून म्हणणार, "केजा काकीची आहे, भैया."

"अरे, चूल आपली, लाकूड आपलं, हात तुझा, आणि भाजी काकीची?"

"तिनंच सांगितली ना."

असला हा माणूस. चौतिशीला आला, लग्न नाही. मुली आल्या सांगून, मीच नाही म्हटलं. त्याच्यासारखं रांधणारी एक तरी दाखवा मला.

आता तीजाचं सांगतो. तीजाला आमच्याकडं लेकी माहेरी येतात आणि सुना आपापल्या माहेरी जातात, म्हणजे गावातली अर्धी माणसं बदलूनच जातात. भावानं जाऊन बहिणीला आणायचं. आदल्या दिवशी संध्याकाळी तिनं आईच्या हातची कारल्याची भाजी आणि भात खायचा, मग दुसऱ्या दिवशी नवऱ्यासाठी पाण्याचा थेंब न घेता उपास करायचा. हा कडूभात. नुसत्या आपल्या घरचा खाऊन भागत नाही. गल्लीतल्या सगळ्या लेकी जथ्यानं घरोघरी फिरतात, प्रत्येक घरी दोन घास.

आई गेल्यानंतरचा हा पहिलाच तीजा. पोळा झाला तशी माझी बायको तिच्या माहेरी गेली आणि मी ठेठरी-खुरमीच्या फराळाचा डबा घेऊन बहिणीला, सुकवारोला, आणायला तिच्या सासरी गेलो. ती माझ्याहून लहान, बिसाहूहून मोठी. डबा घेतला, पाणी दिलं, आणि उभ्याउभ्याच म्हणाली, "भैया, यंदा मी नाही येत."

"का गं?"

"कुणाकडं येऊ? आई नाही. भौजी तिच्या माहेरी गेली असणार. चूल कोण पेटवणार, तू?"

"बिसाहू आहे की!"

"बाप्याच्या हातचा कडूभात? गल्लीतल्या बायका हसतील मला."

तिची सासू दारात उभी होती, दीर खाटेवर बसला होता. मला राहवलं नाही. मी म्हणालो, "बिसाहूचा कडूभात असा होईल की तुझ्या सासरच्या सात गावांत कुणी खाल्ला नसेल. सगळी गल्ली बोटं चाटत जाईल. नाही तर पुनीराम नाव सांगणार नाही!"

सुकवारो म्हणाली, "बरं, येते. पण ऐक. कडूभात खाऊन मला वाटलं पाहिजे की मी माहेरी आलेय. नाही वाटलं तर सकाळच्या बसनं परत येईन आणि तीजा इथंच करीन. पुढं कधी न्यायला येऊ नकोस. उगाच एकमेकांना त्रास नको."

लेक तीजाच्या दिवशी माहेरातनं परत गेली तर गाव काय म्हणेल, हे तिलाही ठाऊक होतं आणि मलाही. तरी मी हसून म्हणालो, "बस रिकामीच जाईल."

घरी येऊन बिसाहूला सांगितलं. त्याच्या हातातली पळी खाली पडली.

"भैया, कारलं मी कधी केलं नाही. कारलं आईच करायची, आणि ती पडल्यापासून दीदी शेजारीच कडूभात खायची. भिंतीवर नाही ते."

"मग लिही की! गाव पडलंय विचारायला."

निघाला बिचारा. केजा काकी म्हणाली, "वरची खरखरीत साल खरवडून काढ, मीठ चोळ, पिळून पाणी फेकून दे." शेजारची रमशीला भौजी म्हणाली, "दोन तास ताकात बुडवून ठेव." तिला पाचवा महिना, म्हणून ती यंदा माहेरी गेली नव्हती. फिरंतीन बाई म्हणाली, "चिंच घालून पेजेत उकळ." आणि पलीकडच्या समारीन आजीनं हळूच कानात सांगितलं, "शेवटाला गूळ आणि भाजलेले तीळ. कुणाला सांगू नकोस."

भिंतीवर चार ओळी लिहिल्या गेल्या. बिसाहू त्यांच्यापुढं उकिडवा बसला. "भैया, यातलं कोणतं करू?"

खरं तर याचं उत्तर सोपं होतं, पण मी घोळ आधीच घालून ठेवला होता. गिरणीवर कांडायला आलेल्या प्रत्येक बाईला मी छाती फुगवून सांगितलं होतं, "तुमच्याच रीतीनं करतोय हो आमचा बिसाहू!" केजा काकीला सांगितलं, भौजीला सांगितलं, चौघींनाही सांगितलं. आणि संध्याकाळी लेकींबरोबर त्या चौघीही येणार होत्या.

"एकीचं करावं तर तिघी रुसतील," बिसाहू म्हणाला.

"मग चौघींचं कर. चार पटीनं चांगलं होईल."

केलं त्यानं. साल खरवडली, मीठ चोळलं, पिळलं, ताकात बुडवलं, पेजेत उकळलं, चिंच घातली, गूळ घातला, तीळ पेरले. सुकवारोला मी दुपारी जाऊन आणली, ती ओसरीवर बसून पुढचं सगळं बघत होती. आईची खाट भिंतीला उभी केलेली, तिकडं तिनं एकदा बघितलं.

दिवेलागणीला लेकींचा जथा आला. दहा-बाराजणी, नव्या बांगड्या, मोठा कालवा. मागनं चौघी परीक्षक. ओसरीवर पंगत बसली. बिसाहूनं पानांच्या द्रोणात भात वाढला, वर कारलं वाढलं. मी खांबाला टेकून मिशीवर ताव देत उभा.

पहिला घास गेला. दुसरा गेला. केजा काकीच्या लेकीनं, लतेलनं, द्रोण पुढं केला. "बिसाहू भैया, आणखी वाढ. काय छान झालंय!"

मी म्हणालो, "बघ सुकवारो, म्हटलं नव्हतं?"

"पण भैया," लतेल बोटं चाटत म्हणाली, "हे झालं गोड. कडूभात कधी वाढणार?"

एकच हशा पिकला. एकजण म्हणाली, "हे कारलं आहे होय? मला वाटलं भोपळा!" दुसरी म्हणाली, "याच्यावर उपास केला तर नवऱ्याला मधुमेह होईल गं!"

केजा काकीनं एक फोड चाखली आणि कपाळाला हात लावला. "बिसाहू, अरे मी मीठ चोळ म्हटलं होतं. ताकात कुणी बुडवायला सांगितलं?"

"मी सांगितलं," रमशीला भौजी म्हणाली. "पण पेजेत कशाला उकळलं?"

"ते माझं," फिरंतीन बाई म्हणाली. "गूळ कुणाचा?"

समारीन आजी छताकडं बघायला लागली.

"अहो, नुसतं माझ्या रीतीनं केलं असतं तर निम्मा कडूपणा राहिला असता," काकी ओरडली. "चौघींनी मिळून मारलंत त्या कारल्याला!"

सगळ्या हसत होत्या. सुकवारो नव्हती हसत. तिनं द्रोण खाली ठेवला, पदराला हात पुसला आणि हळू विचारलं, "भैया, सकाळची बस किती वाजता असते?"

मी गिरणीच्या आवाजावर आवाज चढवणारा माणूस. "पावणेआठ" एवढं कसंबसं पुटपुटलो.

बिसाहू उठून आत गेला. मला वाटलं लाजून गेला. पण कढई चुलीवर आपटल्याचा आवाज आला, मग तेलात काहीतरी चुरचुरलं, आणि लसूण, लाल मिरची आणि असा एक उग्र वास आला की पंगतीतल्या तीनजणी खोकल्या. तो बाहेर आला तो कढई हातात घेऊनच. तिच्यात हिरवा-काळा चुरा होता. सकाळी खरवडलेली कारल्याची साल.

"दीदी, एवढं बघ," म्हणाला आणि चिमूटभर तिच्या भातावर ठेवलं.

सुकवारोनं घास घेतला. डोळे गच्च मिटले, नाक आक्रसलं, खांदे कानापर्यंत गेले.

"अगं आई गं!"

"पाणी देऊ?" बिसाहू घाबरला.

"नको!" तिनं हातानंच थांबवलं. डोळ्यांतनं पाणी वाहत होतं आणि ती हसत होती. "नको, राहू दे तसंच. भैया, आठवतं? आई हे वाढायची आणि आपली तोंडं बघत बसायची. बिसाहू, हे कुणी सांगितलं रे तुला?"

"कुणीच नाही. पण आई साल कधी टाकायची नाही, एवढं मी बघितलं होतं. म्हणून द्रोणात काढून ठेवली होती. गाय तर खात नाही हे."

"आण इकडं ती कढई!" लतेल म्हणाली. मग काय, प्रत्येकीला चिमूट-चिमूट. दहा-बारा बायका तोंडं वाकडी करून बसल्यात आणि एकमेकींच्या तोंडाकडं बघून हसतायत. गोड कारलंही उरलं नाही. जाताना समारीन आजी मला कोपऱ्यात घेऊन म्हणाली, "गूळ होता म्हणून संपलं, बरं का."

सगळ्या गेल्यावर सुकवारो आत गेली. चुलीतला कोळसा घेतला आणि त्या चार ओळींखाली पाचवी लिहिली. 'साल टाकू नये. आई.' बिसाहू मागं उभा राहून वाचत होता. मी म्हणालो, "निदान हे तरी तुझं म्हण की रे." तर म्हणतो, "लिहिलंय ना भैया, आईचं आहे."

सकाळी बहीण उपासाला बसली. मी गिरणी उशिरा उघडली आणि चौकात जाऊन उभा राहिलो. पावणेआठची बस आली. कंडक्टर ओळखीचा, दारातनं डोकावून म्हणाला, "पुनीराम, कुणी येतंय का?"

"आमच्या घरचं?" मी म्हणालो, पानठेल्यापर्यंत ऐकू जाईल एवढ्या आवाजात. "आमच्या घरचं कुणी जात नाही. बहीण तीजाला आलीय. घंटी मार!"