गवळाऊ गोऱ्ह्याची चोरी

नोकरीत पाहिलेले बरेच गुन्हे आता विसरलो. एका गोऱ्ह्याच्या चोरीचा मात्र विसरता येत नाही. तेव्हा मी पुलगाव भागातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. पोळा तोंडावर आला होता. नवऱ्यामागे एकटीने शेती सांभाळणारी नाचणगावकडची एक बाई सकाळीच फिर्याद घेऊन आली.

"साहेब, गोठ्यातून माझा गोऱ्हा नेला कोणी."

जनावर गवळाऊ जातीचे. ही आमच्या वर्धा जिल्ह्याची शान. पांढरेशुभ्र अंग, लांबट तोंड, सडपातळ बांधा, आणि गाडीला जुंपले की वाऱ्यासारखे पळणार. पंचनाम्याच्या वेळी एक गोष्ट खटकली. शेजारीच बांधलेल्या दुभत्या म्हशींना चोराने हातही लावला नव्हता. विकण्यासाठी चोरी करणारा माणूस त्या सोडून गेला नसता.

दुसऱ्या दिवशी बैलबाजारातल्या दलालाने खबर दिली. एक म्हातारा गवळी तसाच गोऱ्हा आर्वीच्या रस्त्याने पायी नेताना दिसला होता. आम्ही त्याचे गाव गाठले. गोऱ्हा त्याच्या गाईंमध्ये उघड्यावर चरत होता.

ठाण्यात म्हातारा तोंड उघडेना. हवालदाराने दरडावून पाहिले, चहा देऊन पाहिले. त्याची नजर आवारात बांधलेल्या गोऱ्ह्यावर. शेवटी मी शेजारी बसून विचारले, "बाबा, विकाचा नव्हता तर नेला काऊन?"

तेव्हा तो बोलला. "बाई त्याले खच्ची करणार होती, पोळ्याच्या जोडीसाठी. बाजारात आयकलं मी. आमच्याकडे जातीचा वळू नाई राह्यला, साहेब. सारे गाईले संकराचंच बी भरून राह्यले. असा गोऱ्हा खच्ची झाला तर वंश कुठून आणाचा?"

गोऱ्हा ओळखण्यासाठी बोलावलेली बाई दारात उभी राहून ऐकत होती.

"मंग मले मागितला काऊन नाई?"

"तुम्ही देल्ला असता, माय?"

"नसता देल्ला," ती म्हणाली. मग गोऱ्ह्याकडे वळली. "पण आता खच्ची नाई करत. तुमच्या गाई माझ्या दारी आणा. विचारून या, एवढंच."

गुन्हा दाखल होता. तो ठाण्यात मिटवणे माझ्या हातात नव्हते. न्यायालयाच्या आदेशाने गोऱ्हा बाईला सुपूर्तनाम्यावर, म्हणजे खटला संपेपर्यंत सांभाळण्याच्या हमीवर, मिळाला. म्हातारा जामिनावर सुटला. पुढे बाईने स्वतः न्यायालयात उभे राहून तडजोड केली.

तडजोडीच्या आधीच आलेल्या त्या पोळ्याला मी बंदोबस्तावर होतो. तोरणाखाली सजवलेल्या बैलजोड्या उभ्या होत्या. इतक्यात तो गोऱ्हा जोडीदाराशिवाय एकटाच आला. शिंगे रंगवलेली, पाठीवर झूल. कासरा बाईच्या हातात, आणि पलीकडून म्हातारा त्याच्या मानेवर हात ठेवून चालत होता. फिर्यादी आणि आरोपी असे एकत्र येताना मी कधी पाहिले नव्हते. गर्दी बाजूला सारून त्यांना वाट करून द्यायला मी स्वतः पुढे झालो.

चोरीमागे लोभ शोधावा, हे खात्याने शिकवले होते, आणि बहुतेक वेळा ते खरेच ठरले. पण एखादा माणूस काही वाचवण्यासाठीही गुन्हा करतो, हे त्या म्हाताऱ्याकडून कळले. तेव्हापासून आरोपी समोर आला, की 'कुठे लपवले' याच्या आधी 'का नेले' असे विचारू लागलो.