बापूंच्या लेथचं तोंड

पिकअपची पुढची चाकं हलकी झालीत, हे दत्तानं सांगायच्या आधीच मला दिसलं. दत्ता आमचा ड्रायव्हर. त्यानं स्टेअरिंग एका बोटानं फिरवून दाखवलं आणि माझ्याकडं बघत बसला. चूक माझीच होती.

माझा धंदा मशीन शिफ्टिंगचा. त्या दिवशी कोल्हापुरात उद्यमनगरातल्या बापू मिस्त्रींचं लेथ पेठ वडगावला न्यायचं होतं. लेथ म्हणजे लोखंडाचा रॉड गरगर फिरवून तासायचं मशीन. बापूंची लेक वैशाली वडगावात स्वतःचं वर्कशॉप काढत होती. पंपाच्या शाफ्टची पहिलीच ऑर्डर मिळत होती आणि दोन दिवसांनी पार्टी नमुना बघायला येणार होती. लेथ पोचलं नाही तर ऑर्डर दुसऱ्याच्या घशात.

आता लेथचं बहुतेक वजन एका टोकाला असतं. मोटर, गिअर सगळं तिकडंच. त्याला हेडस्टॉक म्हणतात. पिकअपमध्ये हे टोक केबिनकडं घ्यायचं, हे आमच्या धंद्यातलं ग म भ न. मागं ठेवलं तर गाडीची शेपूट दबते, पुढची चाकं रस्ता धरत नाहीत, आणि हायवेला स्टेअरिंग असून नसल्यासारखं.

हे सगळं मला पाठ. तरी मी उलटं भरलं, कारण बापू. गाडी नेहमीसारखी रिव्हर्स घेऊन कारखान्याच्या दारात लावलेली. बापू म्हणाले, हेडस्टॉक दाराकडंच पाहिजे. दर खंडेनवमीला हळद-कुंकू तिथं लावतात, तेच तिचं तोंड. लक्ष्मी दाराकडं पाठ करून गेली तर मागं काही उरत नाही. वयानं मोठा माणूस, चाळीस वर्षं त्या मशीनवर खाल्लेलं. मी मान दिला. अक्कल गहाण ठेवली म्हणा की.

"बापू, उतरवून फिरवून ठेवायला लागतंय," मी म्हणालो.

"उतरव की. आन् परत आत ठेव. पाठ फिरवून ती माझ्या दारातनं जायची न्हाय."

वैशालीनं परोपरीनं सांगून बघितलं. बापू आत जाऊन स्टुलावर बसले ते बसलेच. मग ती मला बाजूला घेऊन म्हणाली, "काका, कायतरी करा. बापूंचं मन मोडून न्यायचं न्हाय मला. पर न्हेलं न्हाय तर माझं वर्कशॉप चालू व्हायच्या आधी बंद पडतंय." तिचे डोळे भरले होते. मला स्वतःचाच असा राग आला की चहा आलेला तसाच गार झाला.

हायड्रानं, म्हणजे आमच्या छोट्या क्रेननं, लेथ उचलून खाली लाकडी ठोकळ्यांवर टेकवलं. तोंड अजून दाराकडंच. मी तिथं उभा राहून बघत राहिलो आणि एकदम डोक्यात उजेड पडला. मशीन बरोबरच उभं होतं की! उलटी होती ती गाडी.

"दत्ता, गाडी फिरव. बोनेट दाराला लाव."

मग मी काम माझ्या पद्धतीनं केलं. टेलस्टॉक, म्हणजे लेथचं सरकतं टोक, लॉक केलं. लेथच्या अंगाला एक लांब आट्यांचा स्क्रू असतो, त्यावर पट्टा दाबला तर तो वाकतो, म्हणून पट्टे त्याला सोडून घातले. आधी वीतभरच उचललं आणि तोल बघितला. मग वर. टोकाला दोरी, दोरीला एक माणूस, आणि खाली कुणीही नाही. हौद्यात ठोकळ्यांवर बसलं, हेडस्टॉक केबिनला आणि तोंड दाराकडंच. चार पट्टे आडवे-तिडवे आवळले. दत्तानं स्टेअरिंग फिरवलं, ह्यावेळी दोन्ही हातांनी, आणि हसला.

बापू बाहेर आले. "आता गाडी वळणार न्हवं? वळली की पाठ फिरलीच."

"वळायची न्हाय, बापू. तुमच्या दारातनं दिसायची बंद होईस्तोवर रिव्हर्स जाणार."

बापूंनी नारळ वाढवला. मी मागं उभा राहून शिट्टी मारली आणि पिकअप गल्लीतनं उलटी निघाली. शेजारपाजारचे मिस्त्री तेलकट हातांनी बाहेर आले, कुणी मोटारसायकली अडवल्या, कुणी हातगाडी सरकवली. बापू दारात हात जोडून उभे, आणि लेथ त्यांच्याकडं बघत बघत चाललेलं. च्यायला, इतकी वर्षं मशीनं हलवली, पण असा वरातीचा थाट कधी मिळाला नव्हता. कोपऱ्यावर वळलो तेव्हा माझी छाती दोन इंच फुगली होती.

तिसऱ्या दिवशी वैशालीचा फोन आला. पार्टीनं शाफ्टला मायक्रोमीटर लावला, दोनदा बघितलं, आणि ऑर्डर पक्की करून गेली. बापू स्वतः एसटीनं जाऊन पहिला शाफ्ट तासून आले होते.

तेव्हापासून कुठंही मशीन उचलायला गेलो की आधी दोन गोष्टी विचारतो. वजन किती, आणि कुंकू कुठं लावता.