बाबांनी पळवलेली बस
बाबांनी तीस वर्षं बस चालवली आणि एकही अपघात केला नाही, याचा घरात सगळ्यांना अभिमान. गेल्या वर्षी मेहकरच्या घरी मी त्यांना मोबाइलवर एक फिल्म दाखवली. परदेशातल्या शहरात भल्या सकाळी कुणीतरी कार सुसाट पळवत होता, लाल सिग्नलही न जुमानता. बघताना बाबांचा उजवा पाय फरशीवर ब्रेक दाबत होता.

फिल्म संपल्यावर ते म्हणाले, "मी बी एक डाव अशीच पळवली होती. पहाटची खाली गाडी होती, एक बी पॅसेंजर नाही, बजारातून आणत होतो. मले वाटलं, पाहू त किती पळते. अन् भाजीवाली बाई टोपलं घेऊन आडवी आली."

"मग?"

"हातभरावर थांबली गाडी. वांगे सारे सडकेवर. मी उतरून वेचून देल्ले, पन टोपल्यात कमी अन् बाहेरच जास्त पडत होते. तीच मले म्हणे, पानी पे आधी."

हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. संध्याकाळी जेवताना त्यांनी आपणहून आईला सांगितलं. आई भाकरी वाढत म्हणाली, "मले ठाऊक हाय. भाजी घेतांनी त्या बाईनंच सांगतलं होतं, तवाच."