भागाकारकाकांची संख्या

एका आकड्याच्या चुकीने मी एका माणसाचा स्वतःवरचा विश्वास घालवला. चूक नकळत झाली, पण त्यानंतर मी गप्प बसलो ते कळून सवरून.

मोरिवलीच्या आमच्या कारखान्यात भागाकारकाका तपासणी खात्यात होते. दिसेल ती संख्या ते फोडून बघत. मी नोकरीला लागलो त्या दिवशी माझं टोकन पाहून म्हणाले, "दोनशे एकवीस. तेरा गुणिले सतरा. फुटलास की रे!"

न फुटणाऱ्या, म्हणजे मूळ संख्यांवर त्यांचा जीव. एक ते नऊ ओळीने लिहायचे, पुढे पुन्हा एक: १२३४५६७८९१. ही फुटत नाही असा त्यांना संशय होता. रोज डबा संपला की रद्द कागदाच्या पाठीवर ते एका मूळ संख्येने तिला भागून बघत. रोज एकच, आणि हातानेच. "पस्तीस हजारांच्या जरा पुढे गेलो की संपलं. तिचं वर्गमूळ तेवढंच, त्यापलीकडे बघायची गरज नाही," म्हणायचे. उल्हासनगरचा सुपरवायझर चिडवायचा, "काका, लॉटरी लगेगी क्या इससे?"

"नाही फुटली तर अख्ख्या खात्याला चहा!"

अकरा वर्षांत ते एकतीस हजारांवर पोचले. निवृत्ती जवळ आली होती. मदत म्हणून मी ती संख्या ऑफिसच्या संगणकात घातली. उत्तर आलं: मूळ नाही.

"कितीने भाग गेला?"

"ते नाही सांगत काका. पण फुटते."

उरलेले भागाकार त्यांनी घरी बसून, सुट्ट्या टाकून संपवले. एकानेही भाग गेला नाही. "म्हणजे मागेच कुठेतरी माझा हात चुकला," एवढंच बोलले आणि कागदांचा गठ्ठा भंगारात दिला. मग कामावरही सुरू झालं. माप घेतलं की मला हाक मारत, "तू एकदा बघ रे. माझा भरवसा नाही."

ते निवृत्त झाल्यावर सहा वर्षांनी मुलीच्या लॅपटॉपवर मी सहज ती संख्या घातली. मूळ, असं आलं. शेवटचा एक गाळून पाहिला. मूळ नाही. त्या दिवशी मी नऊवरच थांबलो होतो.

तरीही बदलापूरला त्यांच्या घरी जायला मी वर्ष घालवलं. तोवर त्यांना अर्धांगवायूचा झटका येऊन गेला होता. दारातच काकू म्हणाल्या, "औषधाच्या गोळ्यासुद्धा मला दोनदा मोजायला लावतात. म्हणतात, मी मोजलं की चुकतं."

मी पलंगाशी बसून सगळं सांगितलं.

"एकही चुकला नव्हता?" जड जिभेने त्यांनी विचारलं.

"एकही नाही काका. चुकलो मी. कळल्यावरही वर्षभर तोंड लपवून बसलो. मला माफ करा."