मस्कत किती लांब

माझा मेव्हणा मस्कतला असतो. मस्कत किती लांब आहे हे त्यानं मला सांगितलं आणि मी सगळ्या मुरबाड तालुक्याला. लेकीचं लग्न महिन्यावर आलं तेव्हा त्याचा फोन आला. "भाऊजी, यायला दोन दिस, जायला दोन. तीन विमानं बदलायची. सुट्टी चारच दिसांची, ती वाटंतच संपल."

बायको चुलीकडं गेली आणि भांडी जरा जोरात ठेवू लागली. लग्नात नवरीच्या पाठीशी मामा उभा राहतो, आणि हिला सख्खा भाऊ एकच. तिची समजूत काढायला मी मस्कत आणखी लांब नेलं. विमान समुद्रावरून इतका वेळ जातं की माणसाची दाढी वाढते. मधे वाळवंटात उतरून इंजिन गार करतात, पायलटाला तिथंच आंघोळ घालतात. मेव्हण्याची बाजू मी अशी लावून धरली की शहापूरच्या व्याह्यांनी मलाच विचारलं, तुम्ही किती वेळा जाऊन आलात?

लग्नाच्या दिवशी वऱ्हाड शहापूरहून आलं. त्यांच्या मागोमाग नवऱ्याचा चुलतभाऊ सुटकेस ओढतच मांडवात शिरला. बायकोनं त्याला चहा दिला.

"कुठून आलेत पावणे?"

"मस्कतहून, मावशी. तिथं क्रेन चालवतो."

"म्हंजी परवाच निघालेत."

"परवा कशाला? आज पहाटेचं विमान धरलं. अडीच-तीन तासांत मुंबई. त्याच्यापेक्षा जास्त टाइम मुंबईहून इथं यायला लागला. शिळफाट्याला ट्रक आडवा झालाय."

अख्ख्या एसटीला बोलण्यात हरवणारा मी, पाहुण्याची सुटकेस कोपऱ्यात सरकवू लागलो. बायको माझ्याकडं वळली.

"अवो, ह्यांना इचारा ना, पायलटाची आंघोळ झाली का."

मी मांडवामागं जाऊन मेव्हण्याला फोन लावला. "किती तास लागतात रे?" एवढंच विचारलं. माझ्या खोट्याला माणसं हसतात, जेवण पचतं. ह्याचं खोटं मी महिनाभर स्वतःच्या खांद्यावरून गावभर मिरवलं होतं. तो म्हणाला, "भाऊजी, ताईला सांगू नका. आन् लग्नाचा व्हिडिओ तेवढा धाडा."

ताई माझ्या मागंच उभी होती. फोनचा आवाज मोठा असतो माझा.

अंतरपाट धरला. ठरल्याप्रमाणे चुलतमामा लेकीच्या पाठीशी जायला निघाले, तर बायकोनं त्यांचा हात धरून खुर्चीवर बसवलं. "दादा, तुमी बसा. तिथं कोणी नाय उभं रहायचं."

भटजी थांबले. "मामा कुठं आहेत?"

"मस्कतला. लांब पडतं त्याला."

मग तिनं व्हिडिओवाल्याला जवळ बोलावलं आणि लेकीच्या मागची मोकळी जागा बोटानं दाखवली. "ती नीट घे रे."

"काकी, तिथं कोणीच नाय."

"म्हणून तर घे. जवळून घे."